एकादशी, एसटी आणि दुर्बीण

पत्र: सिस्टर, मी ५७ वर्षांचा, चिपळूणजवळच्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. दोन वर्षं अधूनमधून शौचावाटे रक्त जातं. मूळव्याध समजून एकाकडची पुडी घेत होतो, बरंही वाटायचं. गेल्या महिन्यात जिना चढताना धाप लागली म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरांनी बोटानं तपासलं. म्हणाले, मूळव्याध आहे पण लहान आहे, तिच्यामुळे एवढं रक्त कमी होणार नाही, कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करून घ्या. पुण्यात शुक्रवारी सकाळी साडेअकराची वेळ मिळाली आहे, अजून अठरा दिवस आहेत. आदल्या दिवशी एकादशी येते. माझा उपवास असतोच, म्हणजे पोट रिकामंच असेल. संध्याकाळी ती पोट साफ करायची पावडर पिऊन रात्री दहाच्या एसटीनं निघेन आणि पहाटे स्वारगेटला उतरेन. सिंहगड रोडला भाचा राहतो, पण त्याला काय म्हणून सांगू? घरीही बोललेलो नाही, बायको लगेच कॅन्सर धरून बसेल. वडील ६२व्या वर्षी ‘पोटाच्या आजारानं’ गेले. मला मधुमेह आणि ब्लडप्रेशर आहे. मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, अॅम्लोडिपिन, अॅस्पिरिन आणि आता लोहाची गोळी चालू आहे. सोनोग्राफीत भागणार नाही का? दुखतं का? त्या खोलीत बायका असतात का? आणि काही निघालंच तर?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: भाऊ, एसटीचं रिझर्वेशन झालं असेल तर आधी ते रद्द करा. बाकीचं मग बोलू.

ती पावडर प्यायल्यावर काय होतं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. पहिले दोन-तीन ग्लास पोटात गेल्यावर तास-दीड तासात सुरुवात होते. पहिल्या खेपेला तुम्ही चालत जाता, तिसऱ्या खेपेला पळत. पुढचे तीन-चार तास माणसानं संडासापासून दहा पावलांच्या आत राहायचं असतं. आणि तुम्ही कुंभार्ली घाटातून, खिडकीशी बसून, पाच-सहा तास पुण्याला निघणार? कंडक्टर भला माणूस असला तरी किती वेळा गाडी थांबवेल! शिवाय हल्ली दोन लिटर औषध एका दमात प्यायला देत नाहीत. अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे. तुमचं दुसरं लिटर पहाटे पाचला सुरू व्हायला हवं. ते काय स्वारगेटच्या फलाटावर पिणार आहात?

मी नोकरीतली चौदा वर्षं दुर्बिणीच्या खोलीत काढली, मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात. तेवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली. ही तपासणी अर्धी डॉक्टरांच्या हातात असते आणि अर्धी पेशंटच्या घरच्या संडासात. कोठा नीट साफ झाला नसेल तर जगातल्या सगळ्यात हुशार डॉक्टरलाही पडद्यावर चिखल दिसतो. मग पुन्हा तारीख, पुन्हा पावडर, पुन्हा तोच खर्च. म्हणून मी आज तयारीवरच जास्त लिहिणार आहे. प्रत्यक्ष तपासणीत तुम्हाला फारसं काही करायचंच नसतं.

पण आधी सोनोग्राफीचं. सोनोग्राफीत यकृत, मूत्रपिंड, पित्ताशय छान दिसतात. आतडं मात्र वाऱ्यानं भरलेलं असतं आणि वाऱ्यातून सोनोग्राफीला दिसत नाही. सीटी स्कॅनची एक पद्धत आहे ज्यात आतड्याचं आतलं चित्र मिळतं, पण तिलाही हीच पावडर प्यावी लागते, आणि काही सापडलं तर तुकडा काढायला पुन्हा दुर्बीणच लागते. तुमच्या वयाच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन १३च्या खाली यायला नको, तुमचं ९.४ आहे. बाईचं कमी असलं तर पाळी हे एक कारण तरी असतं, पुरुषाच्या बाबतीत रक्त कुठून जातंय ते शोधावंच लागतं. तुमच्या डॉक्टरांनी मूळव्याध दिसूनही तिच्यावर सगळं ढकललं नाही, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटलं. पुडीनं बरं वाटायचं म्हणता, त्याचं नवल नाही. आतड्यातलं रक्त पुडी घेतली नाही तरी अधूनमधून थांबतं.

कदाचित त्याच वेळी तोंडातूनही दुर्बीण घालून जठर बघून घेतील. रक्त कमी असलं की बऱ्याच ठिकाणी दोन्ही एका गुंगीत उरकतात. तुम्ही विचारण्याआधीच सांगते, कारण हे मला शेकड्यांनी लोकांनी विचारलंय: हो, नळ्या वेगवेगळ्या असतात. आणि प्रत्येक पेशंटनंतर नळी आतून ब्रशनं घासून, जंतुनाशक द्रावणात बुडवून मगच पुढच्याला वापरतात. ते घासायचं काम मी स्वतः केलंय. नोकरीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि त्यात कुणी हयगय केली की मी कुणाचीही भीड ठेवायची नाही.

आता एकादशी. भाऊ, उपवास म्हणजे पोट रिकामं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट, वरीच्या तांदळावर दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. आमच्या खोलीत एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचे पेशंट ओळखू यायचे. दाण्याच्या कुटाचे कण आतड्याच्या घड्यांत असे चिकटून बसतात की पाण्याचा फवारा मारून मारून डॉक्टरांचा हात दुखतो. दुर्बिणीला घाण ओढून घ्यायची एक बारीक नळी असते, तीन-चार मिलिमीटरची. पेरूची एक बी तिच्यात अडकली की काम थांबतं.

उलट निर्जळी करायचा विचार असेल तर तोही सोडा. त्या दिवशी पाणी जेवढं जाईल तेवढं चांगलं. खरं तर तुमची एकादशी मोडायचं काही कारणच नाही. गुरुवारी दिवसभर फक्त पातळ आणि पारदर्शक घ्यायचं असतं: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, दुधाविना चहा, सफरचंदाचा गाळलेला रस. यातलं उपवासाला काय चालत नाही? एवढी कडक एकादशी तुम्ही जन्मात केली नसेल. काही ठिकाणी आदल्या दिवशी सकाळी हलकं खायला परवानगी देतात, तुमच्या इस्पितळाच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा. माझ्या सांगण्यात आणि त्या कागदात फरक पडला तर कागद खरा.

एक मात्र कोकणातल्या माणसाला मुद्दाम सांगायला हवं. कोकम सरबत नाही. सोलकढी नाही. लाल, जांभळं काहीही नाही. बीट नाही, डाळिंबाचा रस नाही. आतड्यात लाल थेंब दिसला की डॉक्टर त्याच्यामागे जातात. तो कोकमाचा निघाला तर वेळ वाया, आणि कोकमाचाच असेल म्हणून सोडला तर त्याहून वाईट.

उपवास झाला एक दिवसाचा. त्याआधीचे दोन-तीन दिवससुद्धा चोथ्याचं खायचं नाही. मंगळवारपासूनच धरा. पालेभाजी, कोशिंबीर, उसळी, भाकरी, नाचणी, कुळथाची पिठी, काजू, साल-बियांची फळं, सगळं बंद. तुमच्याकडे प्रत्येक पदार्थात ओलं खोबरं असतं, त्यालाही तीन दिवस सुट्टी. फोडणीत मोहरी-जिरं नको, हिंग-हळदीवर भागवा. मग खायचं काय? मऊ भात, पेज, सालाविना मुगाच्या डाळीचं पातळ वरण, ताक, दही, अंडं. मासे खात असाल तर पापलेट-सुरमई खुशाल खा, वाटपाशिवाय. पाव, टोस्ट, रव्याची खीर चालते. आयुष्यभर सगळे म्हणतात मैदा खाऊ नका, हे दोन दिवस मी म्हणते मैदा खा.

औषधांचं नीट वाचा, इथे चूक झाली तर ती कोठ्याच्या सफाईपेक्षा महागात पडेल. लोहाची गोळी तपासणीआधी आठवडाभर बंद ठेवायला सांगतात, कारण तिनं शौच काळी आणि डांबरासारखी चिकट होते. इसबगोल घेत असाल तर तोही बंद. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिनबद्दल डॉक्टरांना आजच फोन करा. ही गोळी घेणाऱ्यानं उपास केला तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, म्हणून ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात. हल्ली ही गोळी इतक्या जणांना चालू आहे आणि कोलोनोस्कोपीच्या कागदावर मात्र बऱ्याचदा तिचं नावच नसतं. जेवण बंद असताना मेटफॉर्मिन कधी आणि किती घ्यायची तेही त्याच फोनवर विचारा. ब्लडप्रेशरची गोळी बहुधा सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतील. अॅस्पिरिन आपल्या मनानं बंद करू नका. बऱ्याचदा ती चालू ठेवूनच तपासणी करतात, आणि ती हृदयासाठी दिली असेल तर बंद करायचा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. ती पुडीही सांगा. पुडीत काय आहे ते माहीत नसलं तरी ‘घेत होतो’ एवढं सांगायला लाजू नका. घरी साखर तपासायचं मशीन असेल तर गुरुवारी तीन-चार वेळा बघा. साखर खाली जातेय, घाम येतोय, हात थरथरतायत असं वाटलं तर साखर घातलेलं लिंबूपाणी लगेच प्या. त्यानं तयारी बिघडत नाही.

आता पावडर. आपल्याकडे बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं पाकीट देतात, ते दोन लिटर पाण्यात विरघळवायचं. चव खारट-गुळचट, समुद्राच्या पाण्यात कुणीतरी ग्लुकोजची पुडी टाकल्यासारखी. मी एकसष्टाव्या वर्षी स्वतः ही तपासणी केली. चौदा वर्षं लोकांना ‘गार करून प्या हो’ सांगणारी मी, माझ्या वेळी घाईत माठातल्या पाण्यात कालवलं आणि पहिलं लिटर कोमट-कोमट प्याले. चौथ्या ग्लासाला तोंड फिरवून बसले. दुसरं लिटर रात्रीच फ्रीजमध्ये ठेवलं, पहाटे लिंबाच्या चार थेंबांसकट स्ट्रॉनं, जिभेच्या मागच्या बाजूला ओढत प्याले, तर निभावलं. साखर मात्र त्या द्रावणात घालू नका, औषधाचा तोल बिघडतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. मध्ये साधं पाणी, कोरा चहा चालतो. गार पिऊन थंडी वाजते, शाल जवळ ठेवा. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा सावकाश सुरू करा. उलट्या थांबतच नाहीत किंवा पोटात मुरडा न येता सतत जोरात दुखतंय, तर पिणं बंद करून फोन करा.

आणखी एक, जे कुणी छापत नाही. आठव्या-दहाव्या खेपेला आग व्हायला लागते. पहिल्या खेपेच्या आधीच तिथे खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावून ठेवा. पुसू नका, पाण्यानं धुवा आणि मऊ सुती फडक्यानं नुसतं टिपा. तुम्हाला मूळव्याध आहे, तुम्ही तर हे विसरूच नका.

झालं हे कसं ओळखायचं? भांड्यात बघायचं. किळस वाटली तरी बघायचं. शेवटी निवळ पिवळसर पाणी पडायला हवं, तळ दिसला पाहिजे. चहासारखं तपकिरी, खाली गाळ बसतोय, तर अजून झालेलं नाही. सकाळी आठपर्यंत तसंच असेल तर इस्पितळात फोन करा, ते आणखी काही प्यायला सांगतील किंवा वेळ पुढे ढकलतील. तिथे जाऊन ‘हो हो, साफ झालं’ म्हणणारे फार पाहिले. टेबलावर दोन मिनिटांत खरं-खोटं होतं.

शेवटचा घोट कधी, हे भूल देणारे डॉक्टर ठरवतात. कुणी दोन तास आधी म्हणतात, कुणी चार. तुमची वेळ साडेअकराची आहे, तर पाचला सुरू करून साडेसहाला संपवा, म्हणजे दोन्हीकडून बरोबर.

आता त्या खोलीचं. हो भाऊ, बायका असतात. डॉक्टर, भूल देणारे, एक टेक्निशियन, एक सिस्टर. बऱ्याचदा त्यातल्या दोघी बायका. डॉक्टरही बाई असू शकतात. तुम्हाला मागून उघडा गाऊन देतात, काही ठिकाणी मागे भोक असलेली कागदी चड्डी. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात आणि वरून चादर टाकतात. उघडं राहतं ते तळहाताएवढं. मला इतक्या वर्षांचे पेशंट आठवतात. एक भजन म्हणत गुंगीत जाणारे आजोबा, एक ‘सिस्टर, गॅसवर दूध ठेवून आलेय’ म्हणणारी बाई. मागच्या बाजूवरून मला एकही माणूस आठवत नाही. तिथे सगळ्यांचे डोळे पडद्यावर असतात.

पडद्यावर काय दिसतं सांगू? नीट साफ झालेलं आतडं सुंदर दिसतं. ओलं, गुलाबी, चकचकीत, त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या. मधल्या आडव्या भागात तर पोकळी चक्क त्रिकोणी असते, लागोपाठच्या कमानींसारखी. दीड मीटरचं मोठं आतडं, बोटाएवढ्या जाडीची लवचिक नळी. आत जाताना रस्ता काढायचा असतो, खरं बघणं होतं ते नळी बाहेर काढताना, सावकाश. चांगले डॉक्टर काढताना कमीत कमी सहा मिनिटं घेतातच. सगळं मिळून वीस मिनिटं ते पाऊण तास.

दुखतं का? गुंगीचं इंजेक्शन दिलं तर बहुतेकांना काही आठवतच नाही. शुद्धीवर आल्यावर ‘सिस्टर, कधी सुरू करणार?’ असं विचारणारे रोज दोन तरी असायचे. पण अगदीच कळत नाही असंही नाही, विशेषतः हलकी गुंगी असेल तर. आतडं फुगवायला आत हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यानं पोट तटतटतं. आणि डावीकडे ओटीपोटात आतडं नागमोडी वळतं, तिथे नळी कमान करते आणि ओढ बसते. त्या वेळी सिस्टर पोटावर तळहात दाबून धरते, म्हणजे नळीचा फुगवटा सरळ होतो. ते माझं काम. हाताखाली नळी सरकताना कळते, मांजर गोधडीखालून चालल्यासारखी. त्या क्षणी तुम्हाला जाग असेल तर श्वास रोखू नका, तोंडानं सोडा. ‘दुखतंय’ म्हणालात तर औषध वाढवतात. सहन करण्याबद्दल तिथे कुणी बक्षीस देत नाही.

धोका आहे का? आहे, पण कमी. आतड्याला छिद्र पडणं हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. पॉलिप, म्हणजे अस्तरावर चामखिळीसारखी वाढ, सापडून काढला तर तिथून रक्त येण्याची शक्यता थोडी जास्त. संमतीपत्रावर हे सगळं लिहिलेलं असतं. तो कागद आदल्या दिवशी शांतपणे वाचायला मागून घ्या, ऐन वेळी गाऊनमध्ये उभं राहून सही करू नका.

आणि काही निघालंच तर. तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. दोन वर्षं रक्त, एवढं कमी हिमोग्लोबिन आणि वडिलांचा आजार, हे सगळं मिळून तपासणी टाळण्यासारखं नाहीच. ‘पोटाचा आजार’ म्हणजे नक्की काय होतं, हे घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून डॉक्टरांना सांगा. पण निघण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत: आतड्याची सूज, व्रण, आपल्याकडे आतड्याचा क्षयसुद्धा, नुसत्या फुगलेल्या रक्तवाहिन्या. किंवा पॉलिप. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. वुल्फ आणि डॉ. शिन्या यांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून पॉलिप काढून दाखवला. त्याआधी त्यासाठी बहुधा पोट उघडावं लागायचं. आज तो तिथल्या तिथे काढतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. पॉलिपचा कॅन्सर व्हायचा असला तरी साधारण दहा वर्षं लागतात, सगळ्यांचा होतही नाही. तुकडा तपासायला पाठवला म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. सूज दिसली तरी तुकडा पाठवतात. आणि कॅन्सरच निघाला, तरी आतड्याच्या भिंतीपुरता असताना सापडलेला कॅन्सर ऑपरेशननं पूर्ण बरा होऊ शकतो. तसे लोक मी पाहिलेत, त्यातले एक अजून दर दिवाळीला मला फोन करतात. तसं काही निघालं तर तुमच्या भावंडांना आणि मुलांनाही डॉक्टरांकडे जावं लागेल. ते नंतर बघू.

खर्चाचं दोन ओळींत. शहराप्रमाणे आणि इस्पितळाप्रमाणे तो फार बदलतो, त्यामुळे भूल, पॉलिप काढणं आणि तुकड्याची तपासणी धरून किती, असं आधीच विचारा. विमा असेल तर कंपनीला फोन करा, कारण नुसत्या तपासणीसाठी दाखल झाल्याचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे पोटविकारांचे वेगळे विभाग आहेत. तिथे पैसे कमी लागतात, तारखेला मात्र थांबावं लागतं. तुम्हाला पुण्याची तारीख मिळालीय, ती सोडू नका.

राहता राहिली तुमची बायको.

भाऊ, तुमच्या घरात कपडे कोण धुतं? मशीन असेल, पण रक्ताचा डाग मशीनमध्ये टाकण्याआधी हातानं घासावा लागतो. तो दोन वर्षं कोण घासतंय? तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून तिला माहीत नाही, असं मला नाही वाटत. ती फक्त तुम्ही बोलायची वाट बघत असेल. माझ्या नवऱ्यानं माझ्यापासून ब्लडप्रेशरच्या गोळ्या चार महिने लपवल्या होत्या, पितळी डब्यात, सुपारीखाली. मी रोज मोजत होते.

तिला लांबलचक सांगायची गरज नाही. ‘रक्त कमी आहे, कुठून जातंय ते दुर्बिणीनं बघणार आहेत, तू पुण्याला चल’ एवढं पुरे. तसंही तुमच्याबरोबर मोठं माणूस नसेल तर गुंगी द्यायलाच नकार देतील. गुंगीनंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. डॉक्टर तपासणीनंतर जे सांगतील ते तुम्हाला अर्धं आठवणार नाही, ऐकायला शुद्धीत असलेलं कुणीतरी हवं. कागद-पेन तिच्या हातात द्या.

आणि भाच्याला सांगा. त्याला कारणापेक्षा वेळ कळणं महत्त्वाचं आहे, कारण त्याच्या घरी संडास एकच असेल तर गुरुवार संध्याकाळ आणि शुक्रवार पहाट तो तुमच्या नावावर लागेल. अवघड वाटत असेल तर इस्पितळाजवळ संडास जोडलेली लॉजची खोली घ्या, मला उलट तेच बरं वाटतं. गुरुवारी सकाळच्या गाडीनं, पावडर सुरू व्हायच्या कितीतरी आधी, दोघं निघा. दुपारी पोहोचा. पहिलं लिटर संध्याकाळी सहाला.

तपासणीनंतर तास-दोन तास झोपवून ठेवतील. पोटात वारा अडकलेला असतो, तो सोडायचा. तिथे सगळेच सोडत असतात, सिस्टर उलट ऐकून खूश होतात. थोडं चाला. मऊ भात खा. एखाद-दुसरा रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नका. गाठी पडल्या, रक्त थांबेना, पोट दगडासारखं झालं किंवा ताप आला, तर उद्यावर न ढकलता त्याच इस्पितळात जा. पॉलिप काढला असेल तर पंधरवड्यापर्यंत कधीही रक्त येऊ शकतं, म्हणून किती दिवस पुण्यात थांबायचं ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. काही काढलं नसेल तर शनिवारी सकाळी परत निघायला हरकत नाही.

रिपोर्ट हातात आला की त्यात दोन गोष्टी शोधा. एक, ‘सीकम’पर्यंत नळी पोहोचली का. ते मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक, उजवीकडे खाली, तिथला फोटोही जोडलेला असतो. दोन, कोठ्याच्या सफाईला किती गुण दिलेत. बऱ्याच ठिकाणी ते नऊपैकी लिहितात. सहाच्या खाली असतील तर सगळं नीट दिसलंय का, हे स्पष्ट विचारा. तुकड्याचा रिपोर्ट यायला आठवडाभर लागेल. लोहाची गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन पुन्हा कधी सुरू करायची, हेही लिहून घ्या.

आणि सोलकढी शनिवारी रात्री, घरी पोहोचल्यावर. शुक्रवारी नको, पोट अजून हळवं असतं.